नकार देण्यापुरती जमीन

ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांतली गुलामगिरी 1 ऑगस्ट 1834 रोजी कायद्याने संपली. भारतातली वेठबिगारी संपवणारा वटहुकूम ऑक्टोबर 1975 मध्ये निघाला आणि 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. पहिला कायदा झाला तो कॅरिबियन बेटांवरच्या ऊसमळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी माणसांसाठी. दुसरा ज्यांच्यासाठी झाला त्यांत कर्जत आणि खालापूर तालुक्यांतले कातकरीही येतात, जे दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीत परततात. या दोन समाजांची तुलना करण्याचे कारण केवळ दुःखाचे साम्य हे नाही. कायदा झाल्यावर पुढे काय घडले, याचा कॅरिबियनमधला पुरावा विपुल आहे. तो नीट वाचला तर आपल्या तालुक्यांतला कायदा पन्नास वर्षे कुठे अडला आहे हे समजते. माझे म्हणणे असे आहे की, मालकाला नाही म्हटल्यावर पुढचे चार महिने घर कशावर चालवायचे, याचे उत्तर मजुराजवळ असेल तरच मुक्तीचा कायदा त्याच्या कामी येतो. ते उत्तर नसेल तर बेडी जाते आणि कर्ज तिची जागा घेते. सुटकेची सुरुवात म्हणून घराखालची जमीन, डोंगरावरचे शेत आणि पावसाळ्यातले धान्य यांच्याकडेच पाहावे लागते.

प्रथम कॅरिबियनकडे पाहू. ऊस तोडला की दिवसभरात गाळावा लागतो, नाहीतर रस उतरतो. त्यामुळे शेत आणि कारखाना एकाच आवारात आले आणि हंगामात चरक व कढया रात्रंदिवस चालू लागल्या. इतके कष्टाचे, इतके घड्याळाला बांधलेले काम मोकळा माणूस स्वतःच्या जमिनीचा पर्याय असताना पत्करत नाही. बेटांवर जमीन मुबलक होती, माणसे कमी. म्हणून मळेवाल्यांनी माणसे विकत आणली. अटलांटिकपलीकडे नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांवर चढवली गेली, त्यांतली सुमारे 1 कोटी 7 लाख जिवंत उतरली. साखरेच्या बेटांवर जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते, त्यामुळे नव्या जहाजांची गरज संपतच नव्हती. इंग्लंडमध्ये 1700 च्या सुमारास माणशी वर्षाला चारेक पौंड साखर खपत असे. 1800 पर्यंत ती अठरा पौंडांवर गेली. हा आकडा सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने साखरेच्या इतिहासात मांडला आणि त्यातून एक गोष्ट ठळक केली: चहात साखर घालणारा कामगार आणि ती पिकवणारा गुलाम एकाच व्यवस्थेची दोन टोके होती. गुलामगिरी का संपली याबद्दल इतिहासकारांत आजही एकमत नाही. त्रिनिदादच्या एरिक विल्यम्स यांनी 1944 मध्ये लिहिले की साखरेचा नफा ओसरल्यावर इंग्लंडला नीती सुचली. सेमूर ड्रेशर यांनी 1977 मध्ये आकडे मांडून दाखवले की गुलामांच्या व्यापारावर बंदी आली तेव्हा मळे तेजीतच होते. हैतीच्या गुलामांनी 1791 ते 1804 या काळात बंड करून स्वतःची सुटका स्वतः करून घेतली होती, हेही या वादात विसरता येत नाही. गुलामगिरी का संपली यापेक्षा ती संपल्यावर काय झाले, हा भाग आपल्याला जास्त उपयोगाचा आहे.

1834 मध्ये लागू झालेल्या कायद्याने मालकांना 2 कोटी पौंड भरपाई दिली. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा ब्रिटिश सरकारने 2015 मध्ये फेडला. सुटलेल्या माणसांना एक पैसाही मिळाला नाही. उलट 1838 पर्यंत त्यांनी ‘उमेदवार’ म्हणून आठवड्यातले चाळीस-पंचेचाळीस तास जुन्या मालकाकडे फुकट राबायचे होते. फक्त अँटिग्वा आणि बर्म्युडा यांनी हा मधला काळ नाकारून एकदम मोकळीक दिली. अँटिग्वाच्या मळेवाल्यांचा हिशोब सरळ होता. बेटावरची सगळी जमीन मळ्यांखाली होती, सुटलेला माणूस जाणार कुठे? तो मजुरीला आपल्याच दारात येणार, आणि त्याला पोसण्याची जबाबदारी मात्र आपल्यावर राहणार नाही. बार्बाडोसमध्येही तेच घडले. मळ्याच्या जागेवरची झोपडी टिकवायची तर मळ्यावरच काम करायचे, नाहीतर बाहेर. याच्या अगदी उलट चित्र ब्रिटिश गयानात दिसते. तिथे किनाऱ्यामागे मोकळी जमीन होती आणि पडीक मळे विक्रीला होते. नोव्हेंबर 1839 मध्ये 83 माजी गुलामांनी वर्गणी जमवून नॉर्थब्रुक नावाचा मळाच विकत घेतला. पुढे तेच व्हिक्टोरिया गाव. जमैकात बॅप्टिस्ट मिशनऱ्यांच्या मदतीने डोंगरांत मोकळ्या माणसांची गावे वसली. तिथे मळेवाल्यांना मजुरीचा दर वाढवावा लागला किंवा मजूर मिळेनासे झाले. कायदा एकच, दिवस एकच, साखर तीच. फरक पाय ठेवायला जमीन असण्या-नसण्याचा होता.

गयाना आणि त्रिनिदादच्या मळेवाल्यांनी यावर काढलेला तोडगा, म्हणजे कराराने बांधून आणलेले मजूर, भारताच्या इतिहासात ‘गिरमिट’ म्हणून ओळखला जातो. 1838 ते 1917 या काळात सुमारे 2 लाख 39 हजार भारतीय मजूर गयानात आणि सुमारे 1 लाख 44 हजार त्रिनिदादमध्ये नेले गेले. जमीन आधीच कोंडलेल्या बार्बाडोसला हा खर्च करण्याची गरज पडली नाही, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे. हिंदी महासागरात मॉरिशसने 1834 पासून हाच प्रयोग केला. तिथे गेलेल्या सुमारे साडेचार लाख मजुरांत मुंबई बंदरातून चढलेले कोकणातले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणूनच ओळखले जातात. मॉरिशसच्या मळ्यांवर एक नियम होता: एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापायची. आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू, काहीही असो. करार संपता संपता मजूर मालकाचे देणे लागत असे. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या ऊसतोड टोळ्यांत ‘खाडा’ म्हणतात तो याच जातीचा दंड. मुकादम आगाऊ उचल देतो, नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ धरतो आणि खाडा झाला की उचलीतून वळता करतो. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये राज्याच्या समितीने 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत काम बुडते आणि खाडा पडतो, असे या बायका सांगत होत्या. गिरमिट कायद्याने संपून शंभर वर्षे होऊन गेली होती.

आता कर्जत-खालापूरकडे येऊ. 1891 पर्यंत कर्जत ठाणे जिल्ह्यात होते, नंतर ते कुलाब्यात आले. कुलाब्याचे नाव 1981 मध्ये रायगड झाले. इथल्या कातकऱ्यांचे नावच कातावरून पडले: खैराची लाकडे तासून, उकळून कात काढणे हा त्यांचा धंदा. शिकार, मासेमारी, कंद, मध आणि डोंगरउतारावर राब जाळून नाचणी-वरी पिकवणे यावर वर्ष निघत असे. 1878 चा वन कायदा आला आणि खैर सरकारचा झाला. रेल्वेला, मुंबईला आणि गिरण्यांना लाकूड-कोळसा हवा होता, म्हणून जंगल राखीव झाले आणि ठेकेदारांच्या हाती गेले. ठाणे आणि कुलाब्यातल्या लोकांची ओरड इतकी वाढली की सरकारला 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. डोंगरावर शेती करू द्यायची तर ती दळीच्या पट्ट्यांपुरती, गटाच्या नावाने, वनखात्याच्या मर्जीवर. कात करणारा माणूस आपल्याच जंगलात ठेकेदाराचा कोळसा पाडू लागला. कॅरिबियनमध्ये मळेवाल्यांनी मोकळ्या जमिनीवर पट्टी आणि परवाने लावून जे साधले, ते इथे वनखात्याच्या सीमेच्या दगडांनी साधले. हेतू वेगळा असेल. मजुराच्या पर्यायांवर परिणाम तोच झाला.

स्वातंत्र्यानंतर ही चूक सुधारण्याची मोठी संधी कूळकायद्याने आली होती. 1 एप्रिल 1957 रोजी कसणारा जमिनीचा मालक झाला. पण त्यासाठी सातबाऱ्यावर कूळ म्हणून नोंद लागत असे. कुणबी, आगरी आणि काही प्रमाणात ठाकूर शेतकरी यांना तिचा लाभ झाला; त्यासाठी कुलाबा जिल्ह्याने आधी मोठे लढेही दिले होते, चरीचा संप 1933 ते 1939 असा सहा वर्षे चालला. कातकरी मात्र बहुतांशी गडी, राखणदार, लाकूडतोड्या होता. त्याची नोंद कुठेच नव्हती. ज्या जागेवर त्याची वाडी वसली होती, ती जागाही जमीनमालकाची. मालकाला आपल्या शेताजवळ हक्काचे हात हवे असत, म्हणून त्याने वाडीला जागा दिलेली. बार्बाडोसच्या मळ्यावरची झोपडी आणि ही वाडी यांच्यात कायद्याच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जन्मभर राबणारे ‘लग्नगडी’ होते. वारल्यांच्या 1945 ते 1947 च्या लढ्याने ती प्रथा मोडली, 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड मारला गेला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये हा इतिहास लिहून ठेवला आहे. त्या लढ्याचा जोर घाटाखालच्या आमच्या भागात त्या प्रमाणात पोचला नाही, आणि गडी ठेवण्याची जुनी पद्धत सरता सरता तिची जागा वीटभट्टीने घेतली.

वीटभट्टीचे चक्र समजण्यासाठी पावसाळ्यापासून सुरुवात करावी लागते. आषाढ-श्रावणात कातकऱ्याच्या घरात धान्य नसते. लावणीची मजुरी थोडे दिवस पुरते, नंतर नदीचे मासे, चिंबोऱ्या आणि रानभाज्या. त्याच श्रावणात भट्टीचा शेठ किंवा त्याचा माणूस वाडीत येतो आणि बयाणा देतो. हा बयाणा कधी तांदळाच्या रूपात असतो, कधी दवाखान्याच्या बिलाच्या, कधी लग्नाच्या खर्चाच्या. दिवाळीनंतर टेम्पो येतो. त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरे आणि म्हातारी माणसेही चढतात. शाळेचे वर्ष तिथेच तुटते. उल्हास आणि पाताळगंगेच्या काठाने, कर्जत-नेरळपासून कल्याण-भिवंडीपर्यंत आणि घाट चढून पुणे जिल्ह्यातही, या भट्ट्या लागतात. कच्च्या विटांची चार हात उंच भिंत, वर पेंढा किंवा प्लास्टिक, असे खोपट. पहाटे अंधारात पुरुष गारा मळतो, बाई साचात माती थापून वीट उतरवते, पोरे वाळत घातलेल्या विटा उलटतात. मजुरी हजारामागे ठरते आणि ती जोडीची असते, म्हणजे वहीत पुरुषाचे नाव. बाईचे आणि पोराचे काम त्या हजारात मुरते, त्याचा वेगळा हिशोब नाही. आठवड्याच्या बाजाराला फक्त खर्ची मिळते. फुटतुटीसाठी हजारामागे काही विटा वजा होतात. अवकाळी पाऊस आला आणि कच्चा माल भिजला तर बऱ्याच भट्ट्यांवर ते नुकसान थापणाऱ्याच्या अंगावर पडते. जूनच्या तोंडावर हिशोब होतो. वही शेठची, बेरीज शेठची. फिटले तर हातात थोडे पैसे, नाही तर बाकी पुढच्या वर्षी. त्या बाकीवर पुन्हा श्रावणातला बयाणा चढतो. कोळसा पाडणाऱ्या टोळ्यांची कथाही हीच, फक्त ती माणसे आणखी लांब, परजिल्ह्यांत आणि परराज्यांत जातात, त्यामुळे भांडण झाले तर परतीचे भाडेही शेठकडेच मागावे लागते.

याला गुलामगिरी म्हणणे म्हणजे अटलांटिकच्या भयंकर इतिहासाचे वजन कमी करणे, असा आक्षेप घेतला जातो. तो गांभीर्याने घ्यायला हवा. जमैकातल्या गुलाम बाईचे मूल जन्मतः मालकाची मालमत्ता असे. बाजारात त्याची बोली लागत असे. त्याला फटके मारणे हा मालकाचा कायदेशीर हक्क होता. कातकरी कायद्याने नागरिक आहे, मतदार आहे, त्याला विकता येत नाही आणि पळून गेला तर पोलिसांनी त्याला धरून आणणे बेकायदा आहे. हा फरक लहान नाही, तो पुसून बोलणे अन्याय ठरेल. पण तुलना करायला सर्व बाजूंनी साम्य असावेच लागत नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले, तेव्हा त्यांनाही दोन व्यवस्थांतला फरक ठाऊक होता. माणसाच्या श्रमावर दुसऱ्याचा ताबा कोणत्या मार्गाने बसतो, हे त्यांना दाखवायचे होते. 1956 च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने कर्जापोटी राबवणे ही गुलामगिरीसमान प्रथा ठरवली, तीही याच कारणाने. शिवाय आपण मळ्यांच्या 1780 मधल्या अवस्थेशी तुलना करत नसून 1840 नंतरच्या अवस्थेशी करत आहोत. ती अवस्था आणि आपली वीटभट्टी एकमेकींशेजारी ठेवून वाचता येतात.

दुसरा आक्षेप जास्त वेळा ऐकू येतो. बयाणा कातकरी स्वतः मागतो, शेठ कुणाला ओढून नेत नाही. उलट बयाणा घेऊन माणूस दुसऱ्याच भट्टीवर गेला की शेठचे पैसे बुडतात. या म्हणण्यात तथ्य आहे. भट्टीवाला पुष्कळदा मोठा भांडवलदार नसतो, तो स्वतः व्याजाने पैसे उचलतो, बिल्डरचे पैसे सहा महिने थकतात. पण मागितले म्हणजे मर्जीने घेतले, हे पटणारे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात हेच सांगितले: भुकेने किंवा गरिबीने दुसरा मार्ग उरला नाही म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशांत केलेले काम हे राज्यघटनेच्या 23 व्या कलमाखाली सक्तीचेच काम आहे. 1983 मध्ये फरीदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या याचिकेवर, न्यायालय पुढे गेले. सक्तीने काम करून घेतले जाते असे दिसले की ते आगाऊ रकमेपोटी आहे असे धरून चालायचे आणि तसे नाही हे मालकाने दाखवायचे. ज्याला किमान वेतनाने हजार विटांचा दर मोजता येतो त्याने एकदा जोडीच्या, पोरांसकट कामाच्या तासांनी तो भागून पाहावा. मर्जी कुठे संपते ते त्या भागाकारात दिसते. राहिला भट्टीवाल्याच्या धोक्याचा प्रश्न. तो धोका खरा आहे, पण तो टाळण्याचा मार्ग म्हणजे दर आठवड्याला पूर्ण मजुरी हातात देणे. मजूर कर्जात ठेवून धोका कमी करणे हा मार्ग मळेवाल्यांनीही वापरला होता.

दारू, खर्चिक लग्ने, उधळेपणा या कारणांनी कातकरी कर्जात बुडतो, असेही लिहिले-बोलले जाते. 1834 नंतर बेटांवरच्या मळेवाल्यांच्या पत्रांतही सुटलेल्या माणसाच्या आळसाबद्दल हाच सूर आहे. दारूने घरे मोडतात हे नाकारायचे कारण नाही, बायकांनीच ते जास्त सोसले आहे. परंतु हातातले पैसे संपल्यावर पुढचे पैसे श्रावणातच का लागतात, दिवाळीला का नाही, याचे उत्तर दारूत मिळत नाही. ते कोठीतल्या तांदळाच्या हिशोबात मिळते. ज्या ठाकूर कुटुंबांकडे डोंगरावर का होईना स्वतःची जमीन आहे, ती त्याच तालुक्यात, त्याच बाजारात असूनही भट्टीवर कमी जातात. सवयी शेजारच्या वाडीत फारशा वेगळ्या नसतात.

मग कायदा काय करतो? तो लिहिताना मात्र आपल्या लोकप्रतिनिधींनी ब्रिटिश पार्लमेंटपेक्षा अधिक न्यायाची बाजू घेतली. 1976 च्या कायद्याने वेठीचे सगळे कर्ज रद्द केले आणि मालकाला भरपाई दिली नाही. मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. जिल्हाधिकाऱ्यावर शोधाची आणि सुटकेची जबाबदारी आहे, जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी हा कायदा हातात घेऊन वेठबिगार सोडवायला सुरुवात केली, त्यातूनच श्रमजीवी संघटना उभी राहिली. रायगडच्या दक्षिण भागात उल्का महाजन यांच्या सर्वहारा जन आंदोलनाने कातकऱ्यांच्या जमिनीचा आणि कोळसाभट्टीचा प्रश्न लावून धरला. सुटका होते, पण सुटलेला माणूस बहुधा त्याच वाडीत, त्याच उपासमारीत परततो. 2016 च्या केंद्रीय योजनेत पुनर्वसनासाठी 1 ते 3 लाख रुपये आहेत, मात्र पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा झाल्यावर; तोवर हातात तातडीची मदत, आधी 20 हजार, पुढे 30 हजारांपर्यंत. फौजदारी खटला संपायला लागणारी वर्षे मोजली की हा पैसा श्रावणातल्या बयाण्याशी स्पर्धा करू शकत नाही हे उघड होते. 2022 मध्ये इगतपुरीजवळच्या एका वाडीतली कातकरी मुले नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे थोड्या पैशांसाठी राबायला दिल्याचे, एका मुलीच्या मृत्यूनंतर, उघडकीस आले. कायद्याला तेव्हा 46 वर्षे झाली होती.

कर्जत-खालापूर झपाट्याने बदलत आहे, त्यामुळे प्रश्न आपोआप सुटेल, असे मानणारेही आहेत. खोपोलीला 1915 पासून वीजकेंद्र आहे, पुढे कारखाने आले, एक्स्प्रेसवे आला, आता फार्महाउस आणि रिसॉर्ट डोंगरांच्या पायथ्यापर्यंत पोचले आहेत. पण जमिनीचा भाव वाढल्याने कातकऱ्याची बाजू कमजोरच झाली. ज्या मालकाने आजोबांच्या काळात मजुरासाठी वाडीला जागा दिली, त्याच्या नातवाला आता मजूर नको, जागा हवी आहे. कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सच्या राजीव खेडकर यांनी डॅनियल बकल्स यांच्यासोबत याच तालुक्यांतल्या वाड्यांचा अभ्यास करून 2013 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातून दिसते की कितीतरी कातकरी वाड्या खासगी जमिनीवर आहेत, त्यांना गावठाण नाही, आणि जमिनीचा सौदा झाला की कुंपण थेट घराच्या ओट्यापर्यंत येते. राज्यात 2011 च्या जनगणनेप्रमाणे कातकरी पावणेतीन लाखांहून जास्त आहेत आणि सरकारी यादीत ते विशेष दुर्बल आदिम जमात आहेत. घराखालची जमीन नाही म्हणून घरकुल अडते, घरकुल नाही म्हणून पत्ता डळमळतो, आणि ज्याच्या जागेवर घर आहे त्याच्याशी मजुरीचा दर घासून बोलता येत नाही. यातला प्रत्येक दुवा बार्बाडोसच्या मजुराने ओळखला असता.

मग काय चालते? जे थोडे चालले आहे ते याच भागात चालले आहे, म्हणून मला ते मोलाचे वाटते. भाई कोतवाल सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी हुतात्मा झाले हे सगळ्यांना माहीत असते. त्याआधी त्यांनी कर्जत-माथेरान भागात सावकाराच्या धान्याला पर्याय म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्य कोठ्या काढल्या होत्या, याची आठवण कमी लोकांना आहे. कशेळ्याच्या संस्थेनेही पुढे आदिवासी वाड्यांत धान्य बँका चालवल्या. श्रावणात दारात आलेल्या शेठला थांबवणारी गोष्ट कोणती, हे या मंडळींना नेमके कळले होते. सरकारची खावटी योजना त्याच कल्पनेवर उभी राहिली. 2020 मध्ये ती कर्जाऐवजी अनुदान झाली, कुटुंबामागे 4 हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू. पण ती अनेकांपर्यंत पोचायला 2021 उजाडले. पावसाळ्याची मदत पावसाळा उलटून गेल्यावर मिळाली तर त्या वर्षीचा बयाणा आधीच घेतलेला असतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने दळीच्या जमिनी कसणाऱ्याच्या नावावर होऊ शकतात. ज्यांचे दावे मंजूर झाले त्यांच्या हातात पहिल्यांदाच सही-शिक्क्याचा कागद आला. एकर-दीड एकर वरकस जमिनीने वर्ष निघत नाही, हे खरे. पण तिने दोन महिने निघतात, आणि दर ठरवताना ते दोन महिने फार मोठे असतात. व्हिक्टोरिया गावातल्या 83 जणांच्या हाती आलेली जमीनही त्यांना श्रीमंत करण्याइतकी नव्हती. मळ्यावर कोणत्या अटीवर जायचे हे मात्र ते ठरवू लागले.

वाड्यांना गावठाण देणे, दळीचे दावे निकाली काढणे आणि खावटी आषाढातच पोचवणे ही तिन्ही कामे आजच्या कायद्यांत बसतात, त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. चौथे काम त्याहून सोपे आहे. 1976 च्या कायद्याचे 15 वे कलम असे की, एखादे कर्ज वेठीचे आहे असे मजुराने किंवा दक्षता समितीने म्हटले की ते तसे नाही हे सावकाराने सिद्ध करायचे. म्हणजे वही शेठची असली तरी उत्तरही शेठनेच द्यायचे. हे कलम वाड्यांत कुणी वाचून दाखवत नाही. भट्ट्यांची तपासणी झाली तर ती हंगाम भरात असताना होते, तेव्हा कुटुंब कर्जात आणि गावापासून दूर असते, आणि साक्षीला कुणी तयार होत नाही. कर्जत उपविभागाच्या दक्षता समितीने आपली वर्षातली मुख्य बैठक श्रावणात, वाडीत घ्यावी, बयाणा वाटला जात असतानाच त्याची नोंद करावी आणि जूनमध्ये त्या नोंदीवर हिशोब मागावा.